माझं वजन कसं उतरलं

इंदूर,
ता. १८ एप्रिल, शनिवार

प्रिय प्रिन्सीताईस सलाम,

मी जळतो म्हणे तुझ्यावर! आईपुढं बोललीस, दाजींपुढं बोललीस, आन् परवा फोनवर मला पण तेच. "सगळ्या जगाचे फोटो क्लबच्या ग्रुपवर टाकतोस, सख्ख्या बहिणीचा टाकायला तुझे हात मोडल्यात का?" एवढं म्हणून फोन ठेवलास. मला तोंड उघडू दिलं नाहीस. परत लावला तर जेसिकानं उचलला आन् म्हणाली, "मामा, मम्मी घरात न्हाई असं मम्मी म्हणती."

म्हणून लिहितोय. आन् फोनवर तू स्पीकर लावतेस, शेजारच्या बाया दारातनं माझी खुशाली विचारतात. हे स्पीकरवरचं बोलणं नाही. माझ्या खोलीतला शंभू तुमच्या दौंडजवळच्या पाटसचा आहे, तो आज दौंडच्या गाडीनं गावी निघालाय. त्याच्या हातात देतो. पाकीट चिकटवून देतो. एकटी असशील तवा वाच. मग दाजींना दे. नको देऊ असं वाटंल, पण दे.

इकडं मी बरा आहे. म्हंजी तसा बरा. ऊन फार आहे. आईचे गुडघे कसे आहेत? बोर्डिंगमधल्या पोरांच्या चपात्या अजून ती एकटीच लाटते का? दाजींच्या रिक्षाचं पासिंग झालं का? शिरूरला गेलीस तर आईला म्हणावं ऑस्टिनचं काम चालू आहे, काळजी नको. एका जागी माझं बूड टिकत नाही असं ती म्हणते ते खरंच आहे, रांजणगाव झालं, शिक्रापूर झालं, पिथमपूर झालं. पण काम चालू आहे. बसून करायचं आहे. खोक्यांवर स्टिकर लावायचे.

हां, वजन उतरवायचा तो क्लब सोडला मी. कोच आता नाही. ते सांगतो पुढं.

आधी फोटोचं. तुझे दोन फोटो आले, जेसिकाच्या बाप्तिस्म्यातला जुना आन् आत्ताचा, कापड दुकानाच्या दारातला, काळ्या पॅन्टमधला. खाली तू लिहिलं होतंस, 'नऊ किलो. आता आपल्या दोघांचा एकत्र टाक, भाऊ-बहीण.' मी नुसता अंगठा पाठवला. तुला राग आला. यायलाच पाहिजे. त्या दुकानवाल्यानं तुला दोनदा परत पाठवलं होतं, काउंटरच्या मागं जागा कमी हाय म्हणून. तुझ्या मार्कशीटची घडी पण त्यानं उघडली नव्हती. आन् आता त्याच काउंटरमागं तू उभी राहतेस. चारचौघांत ताठ बोलतेस असं दाजी म्हणाले. हे सगळं मला माहीत आहे, म्हणून तर चार दिवस झाले, कागद घेतो आन् ठेवतो.

ताई, मी तो फोटो मोठा करून करून बघितला. तुझ्या गळ्याखालची दोन्ही हाडं दिसत होती. तू मग आवाजाचा मेसेज पाठवलास ना, शिव्या दिल्यास तो? त्यात तू दोनदा खोकलीस. म्हणालीस, "दुकानातल्या एसीनं घसा धरलाय." तो मेसेज मी किती वेळा ऐकला असंल. शिव्या ऐकत नव्हतो मी.

लोक बारीक माणसाशी चांगलं वागतात हे काही खोटं नाही. आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? शाळेच्या रस्त्यानं आपल्याला मोठं टमटम, छोटं टमटम म्हणायचे. रांजणगावला कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची शीट शेवटपर्यंत रिकामी राहायची, पोरं उभ्यानं यायची. लाईनवर घ्या म्हणून चारदा सांगितलं, तर नवनाथ सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणायचा, "ऑस्टिन, तू मशीनमागं गेलास तर काढायला क्रेन बोलवावी लागंल." सगळे हसायचे, मी पण हसायचो. हसलो नाही तर अजून बोलतात.

पिथमपूरला आलो तवा शहाण्णव किलो होतो. खोलीतल्या एकानं क्लबला नेलं. सकाळी साडेसहाला लोक जमतात, काट्यावर उभे राहतात, पावडरीचा शेक पितात, ज्याचं उतरलं त्याच्यासाठी टाळ्या. मी पण प्यायला लागलो. दोन महिने काहीच नाही. मग ऑगस्टपासनं जे उतरायला लागलं ते थांबंचना. शर्ट इन करायला लागलो. क्लबच्या सरांनी पुढं बोलावून हातात माईक दिला. ताई, मी आठवी नापास. बँकेतले लोक, शाळेतल्या बाया मला 'ऑस्टिन सर' म्हणायला लागल्या. कंपनी सोडली, कोच झालो. त्या वेळी मला पण वाटलं शेकनंच झालं. देवाशपथ, तवा मी खोटं बोलत नव्हतो.

खोटं नोव्हेंबरपासनं सुरू झालं.

संध्याकाळचा ताप यायचा, रात्री उशी भिजायची, मी म्हणायचो चरबी जळतीय. सरच तसं सांगायचे. मग एका सकाळी बेसिनमध्ये थुंकलो तर रक्ताचा दोरा. सरकारी दवाखान्यात गेलो. बेडका तपासला, एक्सरे काढला. टीबी निघाला.

लिहिला बघ शब्द. चार दिवस त्याच्यासाठीच अडलो होतो.

तिथल्या नर्सबाईनं विचारलं, "घर में कौन कौन है? सबकी जाँच होगी." तिच्यापुढं फॉर्म होता. मी म्हणालो, कोई नहीं. आई होती, तू होतीस, दाजी, जेसिका, आन् मी म्हणालो घरी कुणी नाही. शिरूरला कळंल, चर्चमध्ये कळंल, क्लबमध्ये कळंल, हेच डोक्यात. पोरीचं नाव डोक्यात आलं नाही. बाहेर पडलो तर दारात वजनकाटा. उभा राहिलो. एकाहत्तर. आन् ताई, खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. हातात टीबीचा कागद आन् मला बरं वाटलं, की अजून उतरलं.

गोळ्या चालू केल्या. खोकला कमी आला, भूक लागायला लागली. भूक म्हंजी कशी, बोर्डिंगच्या भातासारखी, पातेलं समोर असावं. महिन्यात चार किलो परत आले. सरांनी गाल धरला माझा, सगळ्यांपुढं, म्हणाले, "ऑस्टिन, गाल भर रहे हैं. स्टेज पे कैसे खड़ा करूँ तुझे?"

त्या दिवसापासनं मी गोळ्या घेतल्या नाहीत.

कळलं का तुला? विसरलो नाही. संपल्या नव्हत्या. पाकीट बॅगेत होतं. बरं होत होतो म्हणून थांबवल्या.

आन् तसाच नाताळला घरी आलो. आईनं दारातच तोंडावरनं हात फिरवला, रडली, म्हणाली, "माझं लेकरू किती देखणं झालंय." एका खोलीत आपण सगळे झोपलो. तुझ्या ताटातल्या करंज्या मी खाल्ल्या, तुझ्याच पेल्यातनं पाणी प्यालो. जेसिका माझ्या मांडीवर बसली. आधी तिला बसायला मांडीच नव्हती माझी, पोटच होतं सगळं. ती छातीवर डोकं टेकून झोपली आन् मी खोकला दाबून धरत होतो, तिची झोप मोडू नये म्हणून. तिची झोप मोडू नये म्हणून, ताई. दुसरं काही माझ्या मनात आलंच नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आलं होतं. मी तिला खाली ठेवली नाही.

नव्या वर्षाच्या उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का. तू कोपरानं ढोसलंस, "उठ की, उठ." उठलो. सांगितलं की प्रभूनं मला नवं शरीर दिलं. सगळे आमेन म्हणाले. आई पदरानं डोळे पुसत होती. बाहेर अंगणात बाया भोवती जमल्या, पावडर कितीला, कशी घ्यायची. सगळ्यात आधी तू घेतलीस. तुझ्या डब्यावरचं कमिशन पण मी घेतलं. मी दुसरीकडं कुठं नाही, देवाच्या घरात उभा राहून खोटं बोललो. आन् साक्ष मागं कशी घ्यायची असते ते मला कुणी शिकवलेलं नाही. पाळकसाहेबांना काल फोन केला, सगळं सांगितलं. नाताळात जे माझ्याजवळ बसले त्यांना तपासायला सांगतो म्हणाले. मग म्हणाले, "बहिणीला सांगितलंस का?" मी म्हणालो, नाही. म्हणाले, "मग मला आधी कशाला सांगतोस?"

तुझा फोटो आला त्याच दिवशी मी क्लब सोडला, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. तीच नर्सबाई. तिनं मला ओळखलं आन् जुना फॉर्म काढून पुढं ठेवला. डॉक्टर खूप बोलले. परत पहिल्यापासनं गोळ्या, आन् मधेच सोडल्यामुळं औषध लागू पडतंय का ते बघायला वेगळी तपासणी. ह्या वेळी फॉर्मवर मी सगळ्यांची नावं लिहिली, दौंडचा पत्ता दिला. तुमच्याकडच्या दवाखान्यातनं कुणी घरी आलं तर दार लावू नको. शंभूची पण तपासणी केली, तो साफ निघाला, म्हणूनच पाकीट त्याच्या हातात देतोय.

आता नीट ऐक. तुझं वजन पावडरीनंच उतरलं असंल. असंलच. मग मला काय वाट्टेल ते बोल, मी ऐकून घेईन. पण सोमवारी सकाळी दौंडच्या सरकारी दवाखान्यात जा. बेडका दे, एक्सरे काढ. पैसे लागत नाहीत. जेसिकाला ने, दाजींना ने, आईला शिरूरवरनं बोलवून घे. पोरीला खोकला नाही म्हणून ठेवून जाऊ नको, नेच. तोवर तोंडाला रुमाल बांध, तिला जवळ घेऊन झोपू नको. आन् पावडर बंद कर. जेव. भाकरी खा, अंडी खा, आई देईल ते खा.

आन् निघालंच काही, तर गोळ्या चालू होतील. भूक लागंल. गाल भरतील, काळी पॅन्ट परत घट्ट होईल, मालक बघंल तुझ्याकडं. त्या दिवशी तू माझ्यासारखं करशील अशी मला भीती वाटते. टीबीची एवढी नाही वाटत. तू त्या काउंटरमागं उभी राहिलीस ती बारीक झालीस म्हणून नाही. तू कापड दोन बोटांत धरून सांगतेस धुतल्यावर किती आटंल ते, त्याच्या दुकानातल्या एकीला येत नाही. ते तुला शहाऐंशी किलोवर पण येत होतं. त्यानं विचारलं नाही. मी पण कधी म्हणालो नाही. डब्यांचा हिशोब विचारायला फोन करत होतो, हे म्हणायला नाही केला.

मी येत नाही. अजून काही आठवडे कुणाच्या घरात राहू नको असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांनी सांगितलं ते बरं झालं, मला कारण मिळालं. जेसिकापुढं कोणत्या तोंडानं उभा राहू ते अजून कळत नाही.

माझ्याशी बोलू नको वाटलं तर नको बोलू. रिपोर्ट काय आला तेवढं शंभूला सांग. तो आठ दिवस पाटसला आहे, बुधवारी तुझ्याकडं येऊन जाईल. त्याला चहा दिला नाहीस तरी चालंल, पण खरं सांग.

दवाखान्यात फेऱ्या मारायच्या तर सुट्टी काढावी लागंल, आन् मालक पगार कापंल हेच तुझ्या मनात पहिलं येईल. मला माहीत आहे. माझ्या मनात पण आधी स्टेजच आलं होतं. तुझा पहिला पगार किती, ते आईनं मला मोठ्या कौतुकानं सांगितलं. तेवढेच पाठवतोय. एक महिना तिथं उभी राहू नको. कुठनं आणले विचारू नको, पावडरीचे नाहीत. ह्यातला चर्चचा दशांश काढू नको, सगळे तुझ्या आन् पोरीच्या पोटात जाऊ देत. दोनदा मोजलेत, तू पण मोजून घे.

दाजींना सलाम. आईला उद्या मीच फोन करून सांगीन, तू सांगू नको, ते तरी माझ्याकडं ठेव.

तुझ्या ताटातलं खाल्लेला, तुझा लहान भाऊ,
ऑस्टिन

सोबत रुपये नऊ हजार.