वाटणीत गेलेली अन्नपूर्णा

धार, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८२७

आज वाटणी झाली. नालछ्याची जमीन दोघा भावांत निम्मी-निम्मी झाली. देव मात्र रीतीप्रमाणे थोरल्याकडे, म्हणून दादानं देव्हारा उचलला. त्यात हिची पितळी अन्नपूर्णाही गेली. ती तर हिनं लग्नात देवासहून, माहेराहून आणलेली. मी म्हटलं, "दादा, तेवढी राहू दे." तो म्हणाला, "बाळू, देव वाटत नसतात." पंचांनी माना डोलावल्या. वडिलांच्या जागी तो, पुढं मी काय बोलणार? तरी बोलायला हवं होतं का?

संध्याकाळी नव्या चुलीशेजारी हिनं वाटीत तांदूळ भरले, रोज अन्नपूर्णेखाली भरायची तसेच. त्या नुसत्या तांदळांना हळदकुंकू वाहिलं. मग मला म्हणाली, "पाट मांडलाय, जेवायला बसा."