बाशांपुढची कॉफी

कराक, ४ ऑक्टोबर १९९६

ती. फिर्याल आत्यास,
जुमानाचा सलाम वि. वि.

तू बरी असशील. इकडे आईचे गुडघे आणि बाबांची जीभ, दोन्ही पूर्वीसारखीच आहेत. आधी आनंदाची बातमी. येत्या गुरुवारी लैथच्या घरचे मला मागणी घालायला येणार आहेत. लैथ म्हणजे विद्यापीठाची बस चालवणाऱ्या अबू लैथ यांचा थोरला. तू त्याला उन्हाळ्यात पाहिलंस आणि कान मोठे आहेत म्हणालीस, तोच.

आता रडगाणं. मंडळींचं पुढारीपण लैथच्या काकांनी आपले खासदार रातेब बाशा यांना दिलंय. बाशा आले की घराला वजन येतं म्हणे. शिवाय त्यांनी लैथला नगरपालिकेत चिकटवायचा शब्द दिलाय. ऑगस्टात रोटी महागली तेव्हा हेच बाशा टीव्हीवर म्हणाले होते की लोक स्वस्त रोटी शेळ्यांना चारतात, महागली ते बरंच झालं. त्यांच्या मोटारीवरचा कर माफ, आणि आमच्या साखरेवर, काडेपेटीवर कर. याच रोटीसाठी बाबा चौकात उभे राहिले आणि तुरुंगात जाऊन आले. वर पेपरने छापलं की परक्या शत्रूंनी पैसे चारून माणसं उभी केली होती. बाबा म्हणतात, तो शत्रू भेटला तर माझा पत्ता दे, शाळेने पगार थांबवलाय.

तर बाबांनी जाहीर केलंय की बाशांना ते कॉफी प्या म्हणणार नाहीत. मुलीच्या बापाने प्या म्हटलं नाही म्हणजे मुलगी दिली नाही, मग पुढारी कपाला ओठ न लावता उठणार आणि त्यांच्यामागे सगळे. तसे उठून गेलेले लोक पुन्हा त्या दारात येत नाहीत, हे तुला सांगायला नको. आत्या, बाबांसारखा माणूस मी पाहिला नाही. चौकात ते उभे होते तेव्हा अभिमानाने मला रडू फुटलं होतं. पण मला लैथही हवाय. बाबा जगात फक्त तुझं ऐकतात. अकाबाच्या बसवाल्याच्या हाती लगेच दोन ओळी धाड.

लोभ आहेच. निदान लग्न लागेपर्यंत तरी त्यात काटछाट करू नकोस.

तुझी भाची,
जुमाना


अकाबा, ७ ऑक्टोबर

चि. अताल्लास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

जुमानाचं पत्र वाचलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तुझी त्यानंतरही जाईलसं वाटत नाही. लहानपणी मामाने तुला खोटारडा म्हटलं, तर तू त्याने दिलेले ईदचे कपडे त्याच्याच दारात उतरवून उघडा घरी आला होतास.

तरी एक सांगते. तू तुरुंगात गेलास हे कळल्यावर इथल्या रोटीच्या रांगेत बायकांनी मला पुढे घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तुझा मला काही उपयोग झाला. त्या अजून विचारतात, मास्तरांचं कसं चाललंय म्हणून, आणि मी मान ताठ करून सांगते. पेपरात काही का छापेनात, रांगेला सगळं कळतं.

पण अताल्ला, चौकात तू स्वतःची मान पणाला लावलीस. गुरुवारी लेकीची लावणार आहेस. तिला विचारलंस का? त्या माणसाला एकदा प्या म्हण, आणि मग हवं तर महिनाभर चूळ भरत बस. पोरीचा संसार उभा राहू दे. बाशा काय, आज आहे उद्या नाही.

तुझ्या बायकोला सलाम. राग आला तर पत्रानेच कळव, टेलिफोन करून पैसे घालवू नकोस.

तुझी ताई,
फिर्याल


कराक, १२ ऑक्टोबर

ती. ताईस,
अताल्लाचा सलाम वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुझं म्हणणं पटलं. बुधवारी मी जुमानाला सांगितलं की बाशांना प्या म्हणेन. ती माझ्या गळ्यात पडून रडली.

गुरुवारी मंडळी आली. बैठक भरली, बाशा मधोमध बसले, त्यांच्यापुढे कॉफी ठेवली. आधी त्यांनी अल्लाची स्तुती केली, मग दोन्ही घराण्यांची, मग सरकारची. शेवटी म्हणाले की हे मास्तर ऑगस्टात जरा बहकले होते, पण मनाने चांगले आहेत, म्हणून मीच शब्द टाकून त्यांना सोडवून आणलं. ताई, मला सोडवलं ते माझ्या विद्यार्थ्यांच्या आयांनी. उन्हातान्हात तुरुंगाच्या फाटकापाशी ठाण मांडून बसल्या होत्या त्या. बैठकीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. तरी मी घ्या बाशा, एवढे दोन शब्द जिभेवर आणले होते.

तेवढ्यात आतलं दार उघडून जुमाना आली. पुरुषांच्या बैठकीत, सरळ. तिने बाशांपुढचा कप उचलला आणि अबू लैथपुढे ठेवला. म्हणाली, काका, मी ज्यांच्या घरी नांदणार त्यांनी मला मागावं, ज्यांनी बाबांना सोडवलं नाही त्यांनी नको. तुम्हाला मागायचं नसेल तर हा कप इथेच थंड होऊ दे, मी कुणाला दोष देणार नाही.

बाशा उठले. लैथचा काकाही उठला. मागे कोण कोण उठतंय म्हणून बाशांनी वळून पाहिलं. लैथ बापाकडे बघत बसून राहिला होता, आणि अबू लैथ खाली मान घालून कपाकडे. त्या माणसाच्या तोंडून गावाने थांब्यांच्या नावांपलीकडे काही ऐकलेलं नाही. मला वाटलं, संपलं सगळं.

मग अबू लैथ उभे राहिले. म्हणाले, मास्तर, तुमच्या लेकीला मी चार वर्षं नेलं-आणलं. पाऊस असला की म्हणायचो, पोरी, बस तुझ्या दारापर्यंत नेतो. ती नको म्हणायची, बाकीच्यांना घरी जायला उशीर होईल म्हणून भिजत चालत जायची. ही मुलगी माझ्या घरात यावी असं मला तेव्हापासून वाटतंय. बाशांना आणायला नको होतं, पण मला बोलता येत नाही म्हणून आणलं.

मी म्हणालो, पी, अबू लैथ. त्यांनी थंडगार कॉफी एका घोटात संपवली. बाशांची मोटार निघून गेल्याचं त्यानंतर कुणाच्या तरी लक्षात आलं.

नगरपालिकेचं काम अर्थातच गेलं. लैथ बापाबरोबर बसवर जाणार आहे. आजच्या पेपरात आलंय की खासदारसाहेबांच्या मध्यस्थीने दोन घरं जोडली गेली. जुमाना ते आईला मोठ्याने वाचून दाखवत होती आणि दोघी हसून लोळत होत्या.

ताई, तू विचारलं होतंस, तिला विचारलंस का. नव्हतं विचारलं. मी चौकात उभा राहिलो तेव्हा माझ्यामागे सगळं गाव होतं. ती उभी राहिली तेव्हा तिच्यामागे कुणी नव्हतं, आणि समोर बाप होता, घ्या बाशा म्हणायच्या तयारीतला.

आपल्याकडे बापाला मुलाच्या नावाने हाक मारतात, लैथचा बाप तो अबू लैथ. मला मुलगा नाही, म्हणून आजवर मला सगळे मास्तरच म्हणायचे. काल नमाज सुटल्यावर मशिदीच्या दारात अबू लैथनी सर्वांदेखत मला वेगळी हाक मारली, आणि मी ओ दिली. लग्नाला लवकर ये, आणि माझ्यावरचा लोभ थोडा कमी करून तो तिला दे.

तुझा भाऊ,
अबू जुमाना