चौथा भाग यायच्या आधी

अम्मा,

तुला मराठी वाचता येत नव्हतं आणि तेलुगूही नाही, तेव्हा हे कुठल्या भाषेत लिहावं याचा विचार करायचं काही कारण नव्हतं. तरी मी दोन दिवस त्यातच घालवले. शेवटी मराठीतच लिहायला बसले, कारण तेलुगू मी अजून बोलते, पण लिहायला घेतलं की माझा हात नगरपालिकेच्या तेलुगू शाळेतल्या चौथीच्या पुढं जात नाही. घरात माझी नात महिनाभर एका जाडजूड कादंबरीची वाट बघते आहे. भुतं, शापित राजवाडे, एका मुलीला भिंतीपलीकडचं दिसतं, असलं काहीतरी. आधीचे भाग तिला पाठ आहेत. दारावरची बेल वाजली की ती धावत सुटते. काल तिनं मला विचारलं, "आजी, तुमच्या वेळी असं काही होतं का गं?" मी म्हटलं, होतं की. आणि तिला आमच्या पुस्तकाचं सांगितलं, थोडं तुझंही.

शहराच्या पूर्व भागातली आपली ती खोली मला अजून दिसते. मागच्या बाजूला माझ्या वडलांचा, नायनाचा माग, त्याची खटखट दिवसभर भिंतीतून येते आहे. पुढं दगडी पायरी. पायरीवर तू, मांडीत सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवायचा, कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा बांधायचा. तुझे डोळे त्यात नसायचेच. समोर करकंब गावची मावशी बसायची. तिचा नवरा गिरणीत लागल्यावर ती गावाकडून इकडं आली आणि तुझ्याकडून विड्या वळायला शिकली. तिला तेलुगू येत नव्हतं, तुला बाजारापुरतं मराठी. तरी तुम्ही दोघी रोज सहा-सहा तास एकमेकींशी काय बोलायचात, हे मला कधी कळलं नाही.

मी तेव्हा सातवीत. मराठी शाळेत येऊन तीनच वर्षं झाली होती. आणि सगळ्या वर्गाला वेड लागलं होतं ते त्या कादंबरीचं. पातळ पातळ भाग यायचे, वर निळं चित्र. दोन बहिणी असतात. थोरली तळ्यावर पाणी आणायला जाते आणि नाहीशी होते. धाकटीला बुडालेल्या माणसांचे आवाज ऐकू येतात. त्या आवाजांच्या मागं जाता जाता तिला कळतं, की तळ्याच्या तळाशी एक अख्खं नगर आहे. वर्गातली एखादी भाग्यवान मुलगी पुस्तक विकत घ्यायची, मग ते हातोहात फिरायचं. माझा नंबर शेवटी लागायचा, एका रात्रीपुरता. पण मी तेवढ्यावर थांबायची नाही. संध्याकाळी पायरीवर बसून तुम्हाला वाचून दाखवायची. एक परिच्छेद मराठीत, मावशीसाठी. मग तोच तेलुगूत, तुझ्यासाठी. मावशी अधीर व्हायची. "आगं, तू तिला नंतर सांग की. आदी फुडचं वाच. ती पोरगी पाण्यात उतरली का न्हाय?" आणि तू हसून म्हणायचीस, "सांग बिड्डा, सांग बाळ, हिला आधी सांग." धाकटी पायऱ्या उतरत होती तो भाग मी वाचला त्या दिवशी तुझ्या विड्या सैल झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून मूठभर परत आल्या.

तिसरा भाग संपला तेव्हा धाकटी तळाशी पोचली होती. दार उघडतं, आत थोरली बसलेली असते, आणि ती बहिणीकडं बघून तोंड फिरवते. खाली छापलं होतं, पुढचा भाग दिवाळीत.

दिवाळी झाली, संक्रांत झाली, गड्ड्याची जत्रा उठली. भाग आला नाही. दुकानदार म्हणायचा, कागदाची टंचाई आहे. वर्गातल्या मुली रोज नवी बातमी आणायच्या. कुणी म्हणे लेखक आजारी आहे, कुणी म्हणे त्यालाच तळ्यातून कुणीतरी हाक मारली. मला वाटायचं, वाट बघतो ते आम्हीच. तूही वरचेवर चौकशी करत होतीस हे मला पुष्कळ नंतर दुकानदारानं सांगितलं. कारखान्यात विड्या दिल्यावर तू वाकडी वाट करून त्याच्या दुकानाशी थांबायचीस आणि विचारायचीस, "पाण्यातल्या पोरीचा पुस्तक आला का?" एकदा तो नसताना त्याच्या पोऱ्यानं तुला पाण्याचं चित्र असलेलं एक पुस्तक दिलं. तू ते पदराखाली लपवून आणलंस आणि माझ्या हातात ठेवून उभी राहिलीस. ते पोहायला कसं शिकावं याचं पुस्तक होतं. मी पोट धरून हसले. तूही हसलीस, थोडी उशिरा.

मग तो रविवार. वीज गेली होती, माग बंद होता, त्यामुळं गल्लीत सगळ्यांचे आवाज मोठे वाटत होते. मावशी कंटाळून म्हणाली, "आता कवा यायचं ते पुस्तक! तवर आमी म्हातारं व्हतोय की." तू मान वर न करता म्हणालीस, "ती थोरली काही यायची नाही."

मी विचारलं, "का?"

"का येईल? तिथं तिच्या हाताला काम नाही."

मी ते मावशीला मराठीत सांगितलं. तिचे हात थांबले. "मग गं?" ती म्हणाली. आणि तू सांगायला लागलीस. एका दिवसात नाही, आठ दिवस. रोज थोडं, वळता वळता. तिला कुणी पळवून नेलं नव्हतं, तू म्हणालीस. ती घागर भरायला वाकली, दमली होती, पायरीवर टेकली. पाय पाण्यात बरे वाटले म्हणून एक पायरी खाली. मग आणखी एक. खालच्या नगरात तिला कुणी हाक मारत नव्हतं. हात मांडीत ठेवून ती नुसती बसायची. धाकटीनं तिचा हात धरून ओढलं, तर तो मासोळीसारखा सुटला. धाकटी रडली, भांडली, आईची शपथ घातली. थोरली बोलेना. "ओढून आणलेलं माणूस दारापर्यंत येतं," तू म्हणालीस, "पुढं येत नाही." मग धाकटीनं बोलणं सोडलं. थोरलीच्या मागं बसून तिचे केस विंचरायला घेतले. केसांत शेवाळ गुंतलं होतं. रोज एक गाठ. गाठी किती होत्या ते तिनं मोजलं नाही, का आलीस ते विचारलं नाही, चल म्हटलं नाही. पुष्कळ दिवसांनी, शेवटच्या गाठीच्या वेळी, थोरली काहीतरी म्हणाली आणि मग म्हणाली, "चल."

मावशीनं पदरानं डोळे पुसले. "आसंच आसतंय गं," ती म्हणाली. मी तेव्हा बारा वर्षांची. मला वाटलं, काय सुंदर गोष्ट आहे. तू ती कुठून आणलीस, असं माझ्या मनातही आलं नाही.

शाळेत मी कोण होते, हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं. 'तो वही' आणि 'ती पेन' म्हणणारी मुलगी. मी तोंड उघडलं की मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसायचं. त्या सोमवारी मधल्या सुट्टीत मी म्हटलं, मी चौथा भाग वाचलाय. पुण्याच्या नातेवाइकांनी पाठवला, परत द्यावा लागला. पुण्यात आपलं कुणी नव्हतं. पण मुली गोळा झाल्या. तू संध्याकाळी सांगायचीस ते मी दुसऱ्या दिवशी दुपारी सांगायची. माझी लिंगं चुकत होती, पण कुणी हसलं नाही. वर्गाची मॉनिटर, वकिलाची मुलगी, तिनं मला आपल्या डब्यातली शेंगाची चटणी वाढली आणि शेजारी सरकून जागा केली. अम्मा, आठ दिवस मी त्या शाळेत कोणीतरी होते.

परीक्षा तोंडावर आली आणि खरा चौथा भाग आला. पहिली प्रत मॉनिटरकडंच. ती पुस्तक हातात घेऊन माझ्या बाकाशी आली. सगळा वर्ग मागं. पुस्तकात पाण्याचा राक्षस होता, थोरली साखळदंडात होती, एक राजपुत्र होता आणि त्याच्याजवळ मंतरलेली तलवार. "केस कुठं विंचरते? दाखव ना," ती म्हणाली. मी पानं उलटत राहिले, जणू सापडेलच. कुणीतरी म्हणालं, "खोटारडी." आणि दुसरी म्हणाली, "हिच्या आईनं सांगितलं असेल, विड्या वळता वळता." तिला गंमत करायची होती. ते खरं आहे हे तिला माहीत नव्हतं. सगळ्या हसल्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, "माझ्या आईला मराठी येतसुद्धा नाही. ती अडाणी आहे."

मॉनिटरनं पुस्तक मात्र मला त्या संध्याकाळपुरतं दिलं. तिला माझी दया आली असावी. ते घेऊन मी घरी आले. तू पायरीवर होतीस, मावशी समोर. मी दप्तर न उतरवताच ओरडले, आणि मराठीत ओरडले, म्हणजे मावशीलाही कळावं. "तुला वाचता येत नाही, तर खोटंनाटं सांगतेस कशाला?"

मावशी म्हणाली, "ए पोरी, आईशी बोलतीयास का कुनाशी?"

तू तिला हातानं थांबवलंस. मला विचारलंस, "खऱ्या पुस्तकात काय आहे?"

मी सांगितलं. राक्षस, साखळदंड, तलवार. एका वारात सुटका. तू पूर्ण ऐकून घेतलंस, हातातली विडी बांधलीस, दोरा तोडलास आणि म्हणालीस, "बरं झालं. लवकर सुटली."

त्या दिवशी मला वाटलं, तू चूक कबूल केलीस. मी जिंकल्यासारखी आत गेले. त्यानंतर मी तुला किती पुस्तकं वाचून दाखवली, पुढचं काय होईल म्हणून किती वेळा विचारलं. तू म्हणायचीस, "पुस्तकात असेल ते." मावशी गावाकडं परत जाईपर्यंत अधूनमधून तुला डिवचायची, "सांगा की वो त्या पोरीचं, केस इंचरायचं." तू मान हलवून कामाला लागायचीस.

मी शिकले, मराठीचीच शिक्षिका झाले, आणि 'ती वही' न चुकता म्हणायला लागले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आठवीच्या वर्गावर रिकामा तास आला. मुली गोंधळ घालत होत्या. मी त्यांना तळ्याखालच्या नगराची गोष्ट सांगायला घेतली. पहिले तीन भाग पुस्तकातले. चौथ्याशी आल्यावर मी राक्षसाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि तुझी गाठ सांगितली. मग दुसरी. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. एका मुलीनं विचारलं, "बाई, हे पुस्तक कुठं मिळेल?" मी म्हटलं, "आता छापत नाहीत." पुढं तीस वर्षं प्रत्येक आठवीला मी ती गोष्ट सांगितली आणि तेच उत्तर दिलं. कुणाची गोष्ट, ते मी एकदाही सांगितलं नाही.

पण त्यात एक जागा रिकामी आहे. 'चल' म्हणायच्या आधी थोरली काय म्हणते, ते मला आठवत नाही. तू काहीतरी सांगितलं होतंस, छोटंसंच. मी मराठीत मावशीला सांगितलंही होतं. तिथं आल्यावर दरवर्षी मी काहीतरी माझं घालायची. कधी ती 'दमले होते' म्हणते, कधी 'आई कशी आहे' म्हणते. मुलींना चालायचं. मला ते उपरं वाटायचं.

तुझी छाती कफानं भरली आणि तुला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी ठरवून आले होते की आज विचारायचं. खाटेशी बसले, तुझा हात धरला. विड्या सोडून दहा वर्षं झाली होती तरी अंगठ्यावरचा घट्टा गेला नव्हता. मी विचारलं, ती गोष्ट आठवते का, शेवटच्या गाठीला थोरली काय म्हणते? तू माझ्याकडं बघितलंस. मग म्हणालीस, "कुठली गोष्ट?" चार दिवसांनी तू गेलीस.

मी सगळ्यांना सांगत आले, शेवटी अम्माला काही आठवत नव्हतं. नातीलाही काल तेच सांगितलं. हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून इथं तरी खरं लिहिते. तुला सगळं आठवत होतं. त्याच संध्याकाळी तू मावशीच्या थोरल्या सुनेच्या बाळंतपणाचं विचारलंस, नायनाच्या जुन्या मागाचं विचारलंस. मी विचारलं तेव्हा माझ्या शाळेत शिकवणाऱ्या दोन बाई तुला बघायला आल्या होत्या, खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांच्यासमोर मला तेलुगू बोलायची लाज वाटली, अम्मा. मी तुला मराठीत विचारलं होतं.