गाजरांनी बुधवारी तीन वाजता भेटावे

ती. मामास,

साष्टांग नमस्कार. (मी आईचं शिलाई मशीन आणि कपाट यांच्या मधल्या फटीत बसून लिहितोय, त्यामुळे खरा साष्टांग घालता येत नाही. सध्या कोपरापर्यंतचा पोचला असं समज, उरलेला सुट्टीत आल्यावर घालतो.) तुझा गुडघा कसा आहे? मामीच्या शिंका थांबल्या का? आणि तुझ्या दुकानातल्या मोटर गुंडाळायच्या मशीनचं हँडल अजून करकरतंय का? करकरत असलं तर तेल घालू नकोस, मी आल्यावर घालीन. आता तू म्हणशील, तू येणार हे ठरवलं कोणी? तर तूच. शाळा सुरू झाली तेव्हा फोनवर तू काय म्हणालास? या सहामाहीत शाळेतून घरी एकही तक्रार आली नाही, तर अख्खी सुट्टी दुकानात ये, पंख्याची मोटर गुंडाळायला शिकवतो. तुझा शब्द मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय, तारखेसकट. सहामाही संपायला चार दिवस उरलेत आणि अजून तक्रार आलेली नाही. (जे आलंय त्याला तक्रार म्हणायचं की नाही, त्यासाठीच हे पत्र. शेवटपर्यंत वाच, मधेच उठून आईला फोन करू नकोस.)

झालं असं की आमच्या शाळेतून दरवर्षी आठवी ते दहावीच्या मुलांच्या घरी एक कागद जातो, ‘पालकांसाठी उपयुक्त माहिती’. झोप किती, मोबाइल किती, परीक्षेत काय करायचं, पोरं चिडचिड का करतात, असं सगळं त्यात असतं. तो तयार करतात ऑफिसातले कारकून. त्यांना आम्ही शिक्का म्हणतो, कारण समोर येईल त्यावर ते शिक्का मारतात (एकदा माझ्या डब्याच्या झाकणावर मारला होता). या वर्षी नेमका त्यांचा अंगठा ड्रॉवरमध्ये सापडून वांग्याएवढा झाला, आणि नेमका मी त्या वेळी वर्गाबाहेर उभा होतो. (भूगोलाच्या सरांनी उभं केलं होतं. पृथ्वी एवढी फिरते तर आम्ही वर्षभर एकाच बाकावर का, एवढंच विचारलं होतं.) मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला पाहिलं आणि म्हणाल्या, रिकामा उभाच आहेस तर ऑफिसात जा, मागच्या वर्षीचा कागद कॉम्प्युटरवर आहे, त्यात सभेची तारीख बदल आणि छापून दे. मामा, मी होऊन गेलो नव्हतो. मला पाठवलं. हे लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल.

तारीख बदलायला अर्धं मिनिट लागलं आणि तास संपायला वीस मिनिटं होती. म्हणून मी तो कागद वाचला. (शाळेचा कागद मी आपणहून वाचला, त्याचं कोणाला कौतुक नाही.) दर ओळीत पालक नाहीतर पाल्य. पालकांनी पाल्याला असं करावं, पाल्याने पालकांना तसं सांगावं. पाल्य म्हणजे आम्ही पोरं. हा शब्द शाळेच्या कागदाबाहेर कोणाच्या तोंडून ऐकलायस कधी? मला तर ते पालीचं पिल्लू वाटतं. म्हटलं, या दोघांची अदलाबदल केली तर काय होईल? कॉम्प्युटरला शब्द सांगितला की तो सगळीकडे शोधून बदलतो. पण थेट बदलायला गेलं तर सगळेच पालक होऊन बसतात, पाल्य शिल्लकच राहत नाही. म्हणून मधे एक तिसरा शब्द लागतो. आधी पालक काढून तिथे तो बसवायचा, मग पाल्याचा पालक करायचा, मग त्या तिसऱ्याचा पाल्य. पालक ही भाजी, तेव्हा मी शेजारच्या टोपलीतली भाजी उचलली: गाजर. (मापातही बरोबर बसते बघ. पालकांनी, गाजरांनी. बटाटा घेतला असता तर फसलो असतो.) शेवटची गाजरं एकेक करून बदलत होतो तेवढ्यात घंटा झाली. शिक्का अंगठा वर धरून दारात उभे, झालं का रे, झालं का रे. मी म्हटलं, झालं. छापलं. त्यांनी डाव्या हाताने प्रत्येक कागदावर शिक्का मारला आणि न वाचता वाटून टाकले. (मी गंमत बघून परत सरळ करणार होतो, असं आईला सांगितलंय. तुला खरं सांगतो, नव्हतो करणार.)

मला वाटलं, घरी वाचतील, हसतील, संपलं. पण मामा, शिक्का ही काय चीज आहे ते मला तेव्हा कळलं. शिक्का दिसला की मोठी माणसं मान डोलवतच वाचायला लागतात. बाबांनी जेवताना तो कागद मोठ्याने वाचला. “पालकांनी दिवसातून अर्ध्या तासापेक्षा जास्त मोबाइल पाहू नये. पाहिल्यास पाल्याने तो काढून घेऊन उंच जागी ठेवावा.” बाबा थांबले. डाव्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि निमूट देऊन टाकला. मी स्टूल घेऊन तो कपाटावर ठेवला. (बाबांचा हात तिथे बिनस्टुलाचा पोचतो. पण त्यांनी काढला नाही. शिक्का!) पुढची ओळ होती, “पालक विनाकारण चिडचिड करत असल्यास पाल्याने घाबरून जाऊ नये. या वयात शरीरात बदल होत असतात.” हे बाबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, चला, कोणाला तरी कळलं. मग, “पाल्याने आपल्या पालकांची तुलना शेजारच्या पालकांशी करू नये.” हे तर ते भिंतीला लावायला निघाले होते. आईने हात पुढे केला. कागद घेतला, वाचला आणि तोंड फिरवून भांडी घासायला लागली. तिचे खांदे हलत होते, मला वाटलं जोरात घासतेय.

आता पाचव्या ओळीकडे ये. “पाल्याने आठवड्यातून एकदा पालकाचे दप्तर तपासावे.” रविवारी मी बाबांची पिशवी घेऊन बसलो. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासतात हे तुला माहितीये, तेव्हा पिशवीत फडकी, स्क्रू, डबा, असलंच निघणार. ते निघालं. आणि तळाशी, चष्म्याच्या एका डबीत, माझी रबरी पाल! तीच, जी मी मागच्या वर्षी विज्ञानाच्या बाईंच्या डस्टरखाली ठेवली होती, आणि बाबांनी जप्त करून, मी कचऱ्यात फेकली रे, पुन्हा नाव काढू नकोस, असं म्हणून मला अर्धा तास ऐकवलं होतं. शेपटी झिजलेली, मामा! म्हणजे वापरात होती! मी पाल शेपटीला धरून वर केली आणि बाबांकडे नुसतं पाहिलं. बाबांचे कान लाल झाले. पण नववी ओळ अशी, “पालकाने चूक कबूल केल्यास पाल्याने आधी पूर्ण ऐकून घ्यावे, लगेच रागवू नये.” तर मी मांडी घालून पूर्ण ऐकून घेतलं. मालक जेवायला बसताना स्वतःचा चष्मा काढून डबीत ठेवतात, बिनचष्म्याचं त्यांना काही दिसत नाही, आणि जेवण झालं की चाचपडत डबी उघडतात. एवढं सांगून बाबांना पुढचं सांगता येईना, इतके हसायला लागले. चार वेळा केलंय म्हणे. चौथ्यांदा मालकांनी पाल नाकावर चढवायला घेतली. मालक अजून शोधतायत की कोण करतं, आणि या शोधाचं काम त्यांनी विश्वासाचा माणूस म्हणून कोणाला दिलंय, तर बाबांना. मी रागावलो नाही. पाल मात्र जप्त करून कपाटावर मोबाइलशेजारी ठेवली.

आमच्याच घरी असं झालं असं नाही. माझ्या बाकावरचा पोरगा, त्याची आई नर्स आहे, पहाटे कामावर जाते आणि दुपारी येऊन झोपते, पण झोपू कोण देतंय? कागदात होतं, पालकांना पुरेशी झोप आणि घरात शांतता मिळेल हे पाल्याने पाहावे. तर हा आठवडाभर दुपारी दाराबाहेर स्टुलावर, तोंडावर बोट. गॅसवाल्याला त्याने खुणेने परत पाठवलं. (मग दोन दिवस त्यांच्याकडे गॅस नव्हता. पण शांतता होती.)

घात केला एका गाजराने. घंटेच्या गडबडीत शेवटच्या ओळीतलं एक गाजर बदलायचं राहून गेलं होतं. “काही अडचण असल्यास गाजरांनी बुधवारी दुपारी तीन वाजता मुख्याध्यापिकांना भेटावे.” बुधवारी मोठ्या बाई टेबलापाशी बसल्यात, आणि भाजीवाल्या मावशी (त्यांची मुलगी आमच्याच वर्गात) दोन क्रेट गाजरं घेऊन हजर. म्हणाल्या, “बाई, शाळेचा शिक्का बघितला म्हणून निवडून आणलीत. कुठं उतरवू?” बाईंना काही कळेना. तेवढ्यात नर्स काकू आल्या, पर्समध्ये एक गाजर, लागलं तर असावं म्हणून. आणि त्यांच्या मागून आमचे बाबा, गाजराच्या रंगाचा शर्ट घालून! (घरातून निघताना म्हणाले होते, काय प्रकार आहे कळत नाही, पण आपण तयारीत असावं.) बाईंनी कागद मागवला. पहिल्यांदाच वाचला. शिक्क्यांनी अंगठा माझ्या वर्गाच्या दिशेने केला आणि मला बोलावणं आलं.

बाई कागद मोठ्याने वाचत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर तुझं दुकान, तांब्याची तार, करकरणारं हँडल, सगळं लांब लांब जायला लागलं. शरीरात बदल होत असतात इथे आल्यावर बाईंनी चष्मा काढून पुसला. मग मला म्हणाल्या, “बाकी सगळं कळलं. गाजर का?” मी खरं तेच सांगितलं, “बाई, पालक होताच, जोडीला काहीतरी हवं होतं.” आधी भाजीवाल्या मावशी फुटल्या, मग बाबा, मग बाई टेबलावर डोकं ठेवून हसल्या, हे शाळेत कोणी पाहिलेलं नाही. नर्स काकू म्हणाल्या, “बाई, त्याला ओरडायचं ते ओरडा, पण ती झोपेची ओळ तशीच ठेवा. सात वर्षांत पहिल्यांदा झोपले.” शिक्षा म्हणून मला सगळा कागद सरळ करून पुन्हा टाइप करावा लागला, झोपेची ओळ दोन्ही बाजूंनी ठेवून. गाजरं शाळा सुटल्यावर अख्ख्या शाळेने खाल्ली. आणि बाईंनी माझ्या वहीत लिहिलं, ते शब्दाला शब्द देतो: “आपल्या पाल्याला काम दिल्यास तो ते गरजेपेक्षा जास्त करतो. ही तक्रार आहे की नाही, हे पालकांनी ठरवून खाली सही करावी.”

तर मामा, बघ. बाईंनाच नक्की माहीत नाही ती तक्रार कशी होईल? मामीला नमस्कार सांग. तुझ्या गुडघ्याला शेक दे.

तुझा आज्ञाधारक (तुझा तरी),
भाचा

ता. क. वही सोबत पाठवतोय. सही करायला बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, आधी पाल दे. आईला विचारायची हिंमत नाही. तूही पालकच की माझा एक प्रकारे. तर ‘तक्रार नाही’ असं लिहून सही करून उलट टपाली धाड. चार दिवस आहेत.

ता. क. २. कागदात होतं की पाल्याने पालकांचे पत्र न विचारता वाचू नये. पालकांनी पाल्याचे वाचू नये, असं घरी आलेल्या कागदात कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून मी, तुझी ताई, हे वाचलं. मागच्या वर्षीचा खरा कागद माझ्या मसाल्याच्या डब्यांखाली अंथरलेला आहे, तेव्हा पहिल्याच दिवशी मला सगळं समजलं होतं. आठवडाभर घर इतकं छान चाललं होतं की बोलले नाही. वही पाठवत नाही, सही मी केली. तुझ्या शाळेच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर आईच्या नावाने मीच करायचे, हात अजून बसलेला आहे. आणि तू कोणाकडून ‘एकही तक्रार नको’ म्हणतोस रे? एकोणीस होत्या तुझ्या, मी मोजल्यात. शनिवारी याला गाडीत बसवते. हँडलला तेल घालू नकोस.

ता. क. ३. मामा, बाबाही येतायत दोन दिवस. कपाटावर आत्ता पाहिलं. मोबाइल आहे, पाल नाही. जेवायला बसलास तरी चष्मा काढू नकोस.