गाडीला काय कळतं?

ता. ४ ऑगस्ट

चि. भिंगरी हिस,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, तुझ्या वहिनीची कुरकुर धरून.

आपल्या जुन्या स्पोर्ट्स कारचा अ‍ॅक्सिलरेटर जड झालाय म्हणून तू परवा मला बोलावलंस. मी दारात ओणवा होऊन हातानं पेडल दाबलं, बॉनेट उघडून कार्बोरेटरपर्यंतचा एकूण एक सांधा हलवून पाहिला. कुठंही अडत नाही. मग राहिलं काय? तुझा मागं मोडून जुळलेला घोटा. तुला सोपं जावं म्हणून गेल्या महिन्यातच मी सीट पुढे सरकवून दिली होती, तरी तेव्हापासून तुझं रडगाणं चालूच. भर रस्त्यात पाय दगा देईल, या विचारानं माझी झोप उडाली आहे.

आपण दोघांनी मिळून तिच्यात मोठं इंजिन बसवलं, हे मी विसरलेलो नाही. पण हौसेपायी तुझा जीव जायला नको. पंधरा तारखेला एक गिऱ्हाईक गाडी बघायला येईल. त्याच्याशी नीट बोल.

रागावशील, पण माया पातळ करू नकोस.

तुझा दादा

ता. ७ ऑगस्ट

ती. दादास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र छापखान्यात उभ्यानं वाचलं. घोटा माझा, गाडी अर्धी माझी, आणि गिऱ्हाईक परस्पर तू ठरवलंस. उचलली जीभ लावली टाळ्याला!

ज्या पायाची तुला काळजी, त्याच उजव्या पायानं मी दिवसभर ट्रेडल मशीन हाणते. काल लग्नाच्या पत्रिका छापल्या, आज हँडबिलं. मशीन काही म्हणालं नाही. मी गाडीत बसले की पेडल जड, उतरून हातानं दाबलं की हलकं. यातलं इंगित शोधल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. गिऱ्हाइकाला चहा देईन, किल्ली नाही.

वहिनीला नमस्कार. तुझ्यावर लोभ आहे, पण सध्या आखडता.

भिंगरी

ता. १० ऑगस्ट

चि. भिंगरी हिस,

अनेक आशीर्वाद. म्हणे बसले की जड, उतरले की हलकं! अगं, गाडीला काय कळतं, आत तू आहेस की नुसता माझा हात? लोखंडाला माणूस ओळखता येत नाही. हट्ट सोड. तुझी वहिनी तुझीच बाजू घेते आणि जेवताना माझ्याशी बोलत नाही, हे वेगळंच.

एवढं ऐक, नि माया ठेव.

दादा

ता. १३ ऑगस्ट

ती. दादास,

सा. न. वि. वि.

गाडीला कळतं, दादा. वजन कळतं.

तुझ्याच प्रश्नानं डोक्यात उजेड पडला. मी आधी स्वतः काट्यावर उभी राहिले, मग छापखान्यातली कागदाची रिमं तेवढीच मोजून सीटवर रचली. मी बाहेर, तुझ्यासारखी ओणवी, आणि पेडल हातानं दाबलं. दगड! एकेक रीम उतरवत गेले तसं ते सैल होत गेलं. कागदाला घोटा नसतो, एवढं तरी मान्य करशील.

मग खाली शिरले. पेडलचा आडवा दांडा ज्या ब्रॅकेटमधून फिरतो, तो ब्रॅकेट तळाच्या पत्र्यावर बसवलेला आहे. सीट मागे होती तेव्हा तिचा भार जाड पट्टीवर यायचा. तू पुढे सरकवलीस आणि भार त्या पातळ पत्र्यावर आला. मी बसले की पत्रा दबतो, ब्रॅकेट कलतो आणि दांडा आवळला जातो. मायेनं केलंस हे कळलं, म्हणून शिव्या गिळल्या. पण माझ्या पायावर आळ घेतलास तो मात्र मला लागला. महिनाभर मलाही वाटू लागलं होतं, की मी संपले.

सीटखाली जाड पट्टी टाकून भार पसरवला, ब्रॅकेट कापून इंजिनामागच्या भक्कम पत्र्यावर नेला, दांडा सैल फिरावा म्हणून त्याला नवं बुश घातलं. आता बसून दाबते तेव्हाही पेडल अलगद जातं आणि सोडलं की चटकन परत येतं. रविवारी तुझ्याकडे येते, एकटी.

लोभ होता तेवढा परत मोकळा केला आहे.

भिंगरी

ता. १६ ऑगस्ट

चि. भिंगरी हिस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वहिनीनं मला मोठ्यानं वाचायला लावलं, रिमांचा भाग दोनदा. माझं चुकलं. गिऱ्हाईक काल यायच्या आधीच त्याला कळवलं, की गाडी विकायची नाही. मालकीणबाईंचा पाय शाबूत आहे.

फाटक उघडं ठेवतो. आल्यावर मला शेजारी बसव.

लोभ वाढव, माझ्या लायकीपेक्षा जास्त.

दादा

ता. क. वर एक ओळ खोडलेली दिसेल. तिथं ‘सावकाश ये’ असं लिहिलं होतं.