केटल घळीतला निळा ठिपका

१४ सप्टेंबर १९८१, सोमवार

बाहेर काढलं मला! पाणी खात्याच्या भर सुनावणीतून, दोन्ही दंडांना धरून.

खाण कंपनीच्या वकिलाने टेबलावर १९०८चा नकाशा पसरला आणि त्यावरून सावकाश बोट फिरवत राहिला. "हस्केटसाहेब, ही तुमची केटल घळ. चढउताराच्या रेषा आहेत, पायवाट आहे, तुमचा गोठासुद्धा आहे. आता पाणी दाखवा." बाबा वाकून बघत राहिले. नकाशावर पाणी निळं असतं. घळीत सगळं तपकिरी. "झराच नाही, तर आमच्या पंपांनी आटणार काय?" लोक हसले. मी वकिलाची टाय धरली. पुढचं नीट आठवत नाही.

ज्या झऱ्यावर आमची गुरं जगतात, ज्याचं पाणी पिऊन मी वाढलो, तो म्हणे नाहीच!

दारात मायलीस उरुती उभी. "लायल, रीनोच्या कॉलेजात हेच शिकवतात का रे? की हे शिकलास आणि पळून आलास?" हसत होती. तिच्यासाठीच पळून आलो, हे तिला ठाऊक आहे. ठाऊक असून विचारते!

१५ सप्टेंबर

तिच्या वरच्या ओठावर, डावीकडे, तीळ आहे. हे इथे लिहायचं काही कारण नाही.

१७ सप्टेंबर

बाबा आज घोड्याला नाल ठोकता ठोकता, माझ्याकडे न बघता बोलले.

"झरा नकाशात नाही, कारण तुझ्या आजोबांनी येऊ दिला नाही."

१९०८ साली मोजणीवाला आला, तो आमच्याच घरी उतरला. तेव्हाची रीतच ती — मोजणीवाला ज्याच्या घरी जेवायचा, त्याच्या तोंडची नावं नकाशावर चढायची. टेकड्यांना कोण विचारतो! आजोबांनी त्याला रोज गोऱ्ह्याचं मांस खाऊ घातलं, व्हिस्की पाजली आणि सांगितलं, "त्या घळीत साप आणि धूळ. कशाला जीव धोक्यात घालता?" मोजणीवाल्याने समोरच्या कड्यावरूनच घळ काढली.

"पण का?"

"मेंढीवाल्यांनाही नकाशा वाचता येतो, पोरा. निळा ठिपका दिसला की कळप घेऊन हजर."

आता त्याच थापेने आमचा गळा आवळलाय. मी हसत सुटलो. बाबांनी हातोडा फेकला — माझ्यावर नाही, पण फार लांबही नाही.

१९ सप्टेंबर

मायलीस सकाळी गावच्या वाचनालयात कामाला असते, संध्याकाळी बापाच्या खानावळीत लांब टेबलांवर मेंढीचा रस्सा वाढते. सकाळीच गाठली. बाबांनी सांगितलेलं सगळं ओकून टाकलं. ती ऐकता ऐकता गंभीर झाली. मग तिने सर्वांत खालचा रुंद खण ओढला.

१८९७चा नकाशा. मागे कापड चिकटवलेलं, कोपरा उंदरांनी खाल्लेला. केटल घळ. तिथे ठिपका — निळा! शेजारी बारीक अक्षरात: उरुतीचा झरा.

"हे नाव..."

"माझे पणजोबा. बेत्री. आधी ज्याने पाणी वापरलं त्याचा हक्क, म्हणून त्यांनी दावा ठोकला होता. अधिकाऱ्याने नवा नकाशा उघडून दाखवला. म्हणाला, तिथे पाणीच नाही, मेंढ्या घ्या आणि चालू लागा." खण ढकलून ती म्हणाली, "आमच्या घरात आजवर वाटायचं, मोजणीवाला आंधळा होता."

मान वर करवेना.

"नुसता नकाशा पुरणार नाही, लायल. कंपनी म्हणेल जुना, चुकलेला. जागेवर काही खूण आहे?"

आहे! झऱ्याजवळच्या आस्पेनच्या झाडांवर मेंढपाळांनी चाकूने नावं कोरलीत. लहानपणी त्या अक्षरांवरून बोट फिरवायचो. तिला सांगितलं. तिने माझा हात धरला. त्या नकाशावरच, ठिपक्यावर.

मग विचारलं, रीनोला कॉलेजात मुली किती असतात. मी म्हटलं, तुझ्यासारखी एकही नाही. तिने हात काढून घेतला.

२२ सप्टेंबर

न्याहारीला बाबांना जुन्या नकाशाचं आणि झाडांवरच्या नावांचं सांगितलं. अंडी थाळीतच राहिली.

"खाणीला जाऊ दे ते पाणी! उरुतींच्या घरात जाता कामा नये!"

"खाणीला? गुरं मरतील, बाबा!"

"खाणीने हरवलं तर मी हरलो. उरुतींनी हरवलं तर माझा बाप चोर ठरतो."

"चोर होताच!"

थोबाडीत बसली. गाल अजून गरम आहे. बोललो ते मागे घेणार नाही.

२३ सप्टेंबर

सकाळी घळीतून यांत्रिक करवतीचा आवाज. खोगीर न घालताच घोडा पिटाळला. एक झाड आडवं झालेलं, पांढरा भुसा झऱ्यात तरंगत होता. बाबा मोठ्या झाडासमोर. खोडासोबत अक्षरं फुगून काळी पडलीत: बेत्री उरुती, १८९६. खाली एक वेडीवाकडी मेंढी.

मी झाडाला पाठ लावून उभा राहिलो.

"सरक."

"नाही."

करवत सुरूच. पाती पोटासमोर.

"त्या पोरीसाठी?"

"हो!" मग म्हटलं, "गुरांसाठीपण."

बाबांनी करवत बंद केली. झऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला. "तुझ्या वयात मीही सरकलो नसतो," म्हणाले. "म्हणून तर तुझी कीव येते."

२९ सप्टेंबर

जिंकलो! पाणी खात्याचा अधिकारी स्वतः घळीत आला. नकाशा आस्पेनच्या खोडाला टेकवून धरला, नाव वाचलं, वाकून ओंजळभर प्यायला. झरा आहे! हक्क उरुती घराण्याचा! त्यांच्या मर्जीशिवाय कंपनीला एक पंप लावता येणार नाही!

म्हाताऱ्या उरुतीने, मायलीसच्या बापाने, काळी टोपी काढली. म्हणाला, "माझ्या नावावर काही नको. सगळं पोरीच्या नावावर घाला." सगळ्यांत मोठ्याने टाळ्या मी वाजवल्या. वकील माझ्यापासून चार हात लांब उभा होता, टाय खिशात घालून.

बाबा गाडीतून उतरलेच नाहीत.

मायलीस कानाशी म्हणाली, "हे तू केलंस." आता तिला लग्नाचं विचारायचंच. पहिला बर्फ पडायच्या आत.

३ ऑक्टोबर

विचारलं नाही. खानावळीत गर्दी होती.

१७ ऑक्टोबर

आजही गर्दी होती. कोपऱ्यातल्या टेबलावर तो वकील जेवत होता. त्यालाही तीच वाढत होती.

११ नोव्हेंबर

मायलीसने झरा कंपनीला विकला. सांगायला स्वतः आली, गाडीचं इंजिन चालूच ठेवून. "तुझ्या घराने आमचं पाणी सत्तर वर्षं वापरलं, लायल. मी एकदाच विकलं." मागच्या सीटवर पेट्या. रीनोला चाललीय — कॉलेजात.

घळीत आता राखायला काही उरलं नाही; बाबा तिकडच्या कुंपणाची तार सोडवत होते. पक्कड घेऊन गेलो. ते सरकले, मला जागा दिली.