मध्यंतरापर्यंतचा समीक्षक

शुक्रवार, २ जानेवारी
संकल्प: दर शुक्रवारी एक सिनेमा, शनिवारी सकाळी ग्रुपवर परीक्षण. 'कशेळे मित्रमंडळ', १४३ मेंबर. लोक माझं मत विचारून तिकीट काढतात. (दोघांनी विचारलं. त्यातला एक चुकून.)

मोहोपाड्याला कंपनी चारला सुटते. कर्जतला सहाचा शो. सव्वासातला मध्यंतर, आणि कशेळ्याची शेवटची जीप साडेसातला. त्यामुळे मी मध्यंतरालाच उठतो. हे फक्त या वहीला माहीत. तसंही पुढं काय असतं? रडारड, नाहीतर लग्न. जाणकाराला अर्धा पुरतो.

आजचा पोलिसांचा. खुनी दिवाणजीच. साडेतीन स्टार.

शनिवार, ३ जानेवारी
ग्रुपवर एकानं लिहिलं की मध्यंतरानंतर पहिला खून दिवाणजीचाच होतो. मी लिहिलं, माझं विधान प्रतीकात्मक होतं. सात अंगठे आले.

शुक्रवार, ९ जानेवारी
भुताचा सिनेमा. जीपवाल्या गजानं विचारलं, भूत शेवटी कोण निघालं? म्हटलं, सांगितलं तर तुझी मजा जाईल. तो म्हणाला, आमची मजा चालूच हाय साहेब, तुमी दर शुक्रवारी टायमावर येताय ना! रोख कळला नाही.

बुधवार, १४ जानेवारी
तिळगूळ जास्त झाला. डाएट उद्यापासून.

हर्षलाचा फोन. बँकेच्या परीक्षा सोडून नाटकात गेली, तेव्हापासून बापलेकीचं बोलणं 'जेवलीस का' एवढंच. तिचं एकही काम मी पाहिलेलं नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. आता तेवीसला तिचा सिनेमा लागतोय. म्हणाली, बाबा, कुठलं काम ते सांगत नाही, तुम्ही ओळखा. आणि खरं मत द्या.

माझं मत मागितलं पोरीनं! फोन ठेवल्यावर उगाच अंगणात दोन चकरा मारल्या.

संकल्प: हा सिनेमा शेवटपर्यंत. परतीला ऑफिसातल्या निलेशची बाइक ठरवली. बायको संजना म्हणाली, मीपण येते. म्हटलं, तू रविवारी बायकांबरोबर जा, मला एकाग्रता लागते.

शुक्रवार, २३ जानेवारी, रात्री १०
घात झाला.

पहिल्या भागात हर्षला दिसलीच नाही. नुसती एक म्हातारी, सारखी पडद्यावर. दिवे लागले आणि पाय आपोआप उठले. इतक्या वर्षांची सवय! जीप चारफाट्याच्या पुढं गेल्यावर आठवलं. गजाला थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. जीपमध्ये ग्रुपचे चार मेंबर होते.

निलेश थिएटरबाहेर अर्धा तास उभा होता म्हणे.

शनिवार, २४ जानेवारी
परीक्षण टाकलं. 'हर्षलाचा शेवटचा प्रसंग हृदयस्पर्शी. मात्र म्हातारीचं काम करणारी बाई लाकडी. ते कमरेवर हात ठेवून, एक पाय ओढत चालणं तर साफ खोटं. असं चालतं का कुणी?' त्रेपन्न अंगठे. माझा उच्चांक.

हर्षलाला फोन केला. सांगितलं, शेवटच्या सीनला डोळे भरून आले. तिनं विचारलं, कुठल्या? म्हटलं, तोच गं, शेवटचा. ती बरं म्हणाली. भारावली असावी.

रविवार, २५ जानेवारी
बायका गजाची जीप करून सिनेमाला गेल्या. संजना डोळे सुजवून आली. आल्या आल्या म्हणाली, अहो, ती म्हातारी म्हणजेच आपली हर्षू. मध्यंतरानंतर म्हातारीचं तरुणपण दाखवलंय, तिथं मेकअपशिवाय आहे. सगळा दुसरा भाग तिचाच. आणि शेवटच्या सीनमध्ये ती नाहीच, नुसतं रिकामं अंगण.

मग हर्षलाचा फोन. ग्रुपवरचं परीक्षण कुणीतरी तिला पाठवलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, लाकडी झालं असेल बाबा, सुधारेन. पण ती चाल आजीची होती. मला वाटलं, तुम्ही तरी ओळखाल.

माझी आई. सोनुबाई. भातलावणीत पाय मोडला तेव्हापासून वीस वर्षं तशीच चालली, याच अंगणात. आणि मी लिहिलं, असं चालतं का कुणी.

लाज वाटली. परीक्षण डिलीट करायला गेलो. 'फक्त माझ्यासाठी डिलीट' झालं, ग्रुपवर तसंच आहे.

शुक्रवार, ३० जानेवारी
अर्धी रजा टाकली. तीनच्या शोला हजर, म्हणजे शेवटपर्यंत बसलो तरी जीप मिळेल. एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत सुचली नव्हती.

थिएटरवर दुसरंच पोस्टर. हर्षलाचा सिनेमा काल उतरला.

साडेसातपर्यंत स्टँडवर बसून राहिलो. जीपमध्ये गजानं नेहमीचं विचारलं, काय झालं शेवटी? पुढं-मागं दहा माणसं होती. म्हटलं, मला माहीत नाही गजा. मी कुठलाच सिनेमा शेवटपर्यंत बघितलेला नाही.

कुणी हसलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

गजा म्हणाला, तुमच्या पोरीचा मी बघितलाय, बायकांना घेऊन गेलो व्हतो तवा. सांगू? म्हटलं, सांग. मध्यंतरापासून सांग.

तो रंगवून सांगत होता. मध्येच गिऱ्हाईक उतरायचं, सुट्टे पैसे व्हायचे, परत सुरू. कशेळं आलं तेव्हा गोष्ट अर्धीच झाली होती. बाकीचे उतरले. मी बसून राहिलो.